नऊ पायऱ्या

पडद्यावर तो माणूस अर्धा तास दिसतच नाही.
तो म्हणजे मी.
औलू शहराच्या कडेला, तळघरातल्या स्टुडिओत,
चामडी पिशवीत बटाट्याचं पीठ भरून दाबते,
की अंगणातल्या बर्फावर त्याचं पाऊल पडतं.

बूट पुरुषाचे, आत दोन-दोन मोजे.
माझा गुडघा दुखतो, म्हणून तो किंचित लंगडतो.
ओस्मो म्हणाला, असू दे, तूलिक्की,
लंगडणारा जास्त जवळ आल्यासारखा वाटतो.

आत बाई कॉफीचा कप विसळतेय.
फ्रिजची घरघर आम्ही मघापासून ठेवलीय,
लक्षातही येऊ नये इतकी.
ती आता काढून घ्यायची.
काय थांबलं ते कुणालाच कळत नाही,
मानेवरचे केस तेवढे उभे राहतात.

मग कडी. सासूच्या सौनाची, गंजकी.
मग जिना. पायऱ्या अकरा;
सकाळीच बाई मोजत चढली होती,
मुलाला आकडे शिकवत.
मी नऊ वाजवते
आणि बूट हातात घेऊन उभी राहते.

उरलेल्या दोन
ज्याच्या त्याने आपापल्या घरी ऐकायच्या.

रात्री उशिरा परतते.
ताइस्तोची झोप मोडू नये म्हणून
दारातच बूट काढून
चोरपावलांनी जिना चढते.
मध्येच गुडघ्यातून कळ येते. थांबते.
वरून दबका आवाज:
कोण आहे?

आणि मी, इतक्या वर्षांची सवय,
श्वास रोखून धरते.