नासलेल्या दुधाची ईद

त्या वर्षी चंद्राने फार ताटकळवलं.
बागवानपुऱ्यातली पोरं गच्चीगच्चीवर,
कुणी टाकीवर, कुणी थोरल्याच्या खांद्यावर,
आणि पश्चिमेला नुसता ढगांचा मळका कापूस.
उजैरने तीनदा चंद्र पाहिला.
एकदा तो तारेत अडकलेला पतंगाचा कागद निघाला,
एकदा कुणाच्या तरी अँटेनाची वाकडी काडी,
तिसऱ्यांदा तो नुसताच खोटं बोलला.

मग मशिदीचा भोंगा खरखरला
आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत
सगळी गल्ली जिने उतरली.

अम्मीने माझ्या हातात पाच लिटरचा कॅन दिला.
"दूधबाजारात जा. पळत जा.
आणि कॅन विसळून घे."
शेवटचं वाक्य मी जिन्यात ऐकलं
आणि जिन्यातच ठेवून गेले.

दूधबाजार त्या रात्री झोपत नाही.
दुधाचा भाव तासातासाला चढतो.
सुरम्याच्या बाटल्या, बांगड्यांचे ढीग,
एका पायात नवी चप्पल घालून
दुसरी शोधणारा एक मुलगा,
आणि रांगेत मी, डाव्या तळहातावर ओली मेंदी,
उजव्या हातात कॅन,
ज्याच्या तळाशी परवाच्या ताकाचा एक घोट
निवांत बसून होता.

रात्री दोन वाजता दूध फाटलं.
फाटताना दुधाचा आवाज होत नाही.
अम्मी पातेल्यावर वाकून बघत राहिली.
अब्बा नुकतेच पिंपळगावहून टेम्पो घेऊन आलेले,
शर्टाला द्राक्षाच्या पेट्यांचा वास.
म्हणाले, "आता कुठलं दूध?
बाजारात फेससुद्धा उरला नाही."

मी मेंदीचा हात पाठीमागे लपवला,
जणू गुन्हा त्याच हाताने केला होता.

अम्मीने पदर खोचला.
फडक्यात चोथा बांधून खिडकीच्या गजाला टांगला.
फळीवरून बेदाण्यांची बरणी काढली,
मागच्या साली न खपलेल्या द्राक्षांचे,
गच्चीवर आम्हीच वाळवलेले,
काही गोड, काही आंबट, काही काडीसकट.
तुपात शेवया लाल परतल्या,
साखरेचा पाक, चार लवंगा,
वरून तो चोथा हाताने कुस्करला.
फजरच्या अजानपर्यंत घरात असा वास भरला
की उजैर झोपेतच ओठ चाटू लागला.

सकाळी दोघे ईदगाहला गेले,
कानात अत्तराचा फाया.
उजैरचा पायजमा वाढत्या अंगाचा, दोनदा दुमडलेला.
परत येऊन म्हणाला, अकरा जणांना गळा भेटलो,
त्यातले सहा ओळखीचे नव्हते.

मग पाहुणे.
रुकय्या खाला, जिला कुणाच्याच हातचं आवडत नसे,
चमचा तोंडात घालून थांबली.
आम्हीही थांबलो.
"नजमा, ये क्या बनाया?"
आणि वाटी पुढे केली. रिकामी.

तांबट आळीतल्या विमलमावशी डबा भरून घेऊन गेल्या.
दुसऱ्या दिवशी डबा परत आला,
रिकामा देऊ नये म्हणून आत चार कैऱ्या
आणि कृती विचारणारी चिठ्ठी.
अम्मीने कृती कळवली नाही.
कृतीत माझं नाव आलं असतं.

तेव्हापासून दर ईदेला लोक आमच्याकडे तेच मागतात.
अम्मी चांगल्या दुधात मुद्दाम लिंबू पिळते
आणि दर वेळी माझ्याकडे न बघता पिळते.

गेल्या चाँदरातीला, तीसेक वर्षांनी,
मी सांगून टाकलं: तो कॅन मी विसळला नव्हता.
ती बेदाण्यांच्या काड्या निवडत होती.
"माहीत आहे. झाकण उघडलं तेव्हाच ताकाचा वास आला होता."
"मग तापवायला का ठेवलंस?"
"सगळ्यांनी महिनाभर सबुरी धरली होती.
वाटलं, दूधही धरील एक रात्र."

तेवढ्यात गच्चीवरून माझी मुलगी ओरडली,
"दिसला! दिसला!"
आभाळ तर भरलेलं होतं.
अम्मीने माझ्याकडे पाहिलं, मी अम्मीकडे,
आणि आम्ही शेगडी पेटवली.