धनकोंची यादी

शिवाजीनगर कोर्टाच्या पार्किंगमध्ये
नेर्लेकर बाईंनी स्कूटरच्या सीटवर फाइल उघडली.
"दिवाळखोरी म्हणू नका, नादारीचा अर्ज म्हणा.
आणि एकही नाव गाळू नका.
गाळलेलं नाव नेमकं सुनावणीला उभं राहतं."

मी लिहीत गेलो. दोन बँका, चार कार्डं,
रात्री अकराला फोन करणारी तीन ॲप्स,
रविवार पेठेतले अस्तरवाले,
मेहुणा
(त्याने कधी मागितले नाहीत,
म्हणून तो आकडा लिहायला सगळ्यात वेळ लागला).

मालमत्ता: दुकानाचं डिपॉझिट, स्प्लेंडर.
"आणि शिलाई मशीन?"
"ते राहतं. कारागिराची हत्यारं, अंथरूण-पांघरूण,
स्वयंपाकाची भांडी, एवढं कायदा सोडतो."
"आणि फ्रिज?"
"कायदा शंभरीपार आहे हो,
त्याला फ्रिज ठाऊक नाही."

"कुणाकडून येणं आहे काही?"
मी हसलो. मग आठवलं,
कोथरूडच्या लेल्यांच्या मुलाचा सूट.
लग्न मोडलं, न्यायला कुणी आलंच नाही.
प्लास्टिकच्या पिशवीत, हँगरवर, दोन वर्षं.
बाकी अडीच हजार.
"लिहा की," बाई म्हणाल्या.

लिहिलं.
त्या अख्ख्या फाइलीत
एका ओळीपुरता
मीही कुणाचा तरी धनको.

गेटपाशी स्टँपवाल्याला सुटे हवे होते,
माझ्याकडे दोन रुपये कमी.
"असू दे साहेब, नंतर द्या."

मी तिथेच थांबलो, फाइल उघडली,
शेवटच्या नावाखाली
जागा उरलीय का बघितलं.