दडे

वृषालीनं फोनवर तीनदा बजावलं:
सोळा तासांचा प्रवास आहे, स्वस्तातलं घेऊ नका,
बाबांना म्हणावं, आवाज अडवणारं घ्या,
वाढवणारं नव्हे.

म्हणून आम्ही लॅमिंग्टन रोडला.
मुर्तुझाभाईंचं दुकान हातभर, स्टुलं दोन,
बाहेर बोळात कुणी स्पीकर तपासत होतं,
हॅलो, हॅलो, सारखं हॅलो,
उत्तराची वाट न बघता.

काळ्या मखमलीवर त्यांनी जोड्या मांडल्या, कुड्यांसारख्या.
"हा बॅटरीवाला. आवाजाला उलटा आवाज मारतो.
हा साधा. बूच समजा. नीट बसला की झालं.
इंजिनाची घरघर बॅटरीवाला खातो,
पोराचं रडणं बूचवाला."
मग रबराची टोपणं, तीन मापांत,
आणि स्पंजची, चिमटीत दाबायची,
कानात गेल्यावर फुगणारी.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं.
म्हणजे, ओठ बघून घेतले.

एकतीस वर्षं हे सहारला विमानांसमोर उभे होते,
दोन हातांत दोन काठ्या,
डोक्यावर ते पिवळं कानझाकणं.
पहिली अकरा वर्षं तेही नव्हतं.
कापूस असायचा. मीच द्यायची, डब्याच्या पिशवीत.
कुठकुठली विमानं ह्यांच्या हाताकडे बघून थांबली,
आणि ह्यांना स्वतः आत बसायचं
ते आत्ता, रिटायर झाल्यावर, नातवाच्या बारशाला.

"पंखाच्या पुढे सीट आहे की मागे, त्यावर आहे,"
हे मुर्तुझाभाईंनाच समजावू लागले, नेहमीच्या मोठ्या आवाजात.
बोळातला हॅलो थांबला.
गिऱ्हाईक जाणकार निघालं तसा
दुकानदारानं चहा मागवला.

स्पंज ह्यांनी बोटांत वळला, वातीसारखा,
कानाची पाळी वर ओढून आत सारला.
थांबले.
चेहरा असा, की घरात कुणी शिरलंय.
काढला. परत घातला. परत काढला.
"ह्यात आवाज येतोय."

मुर्तुझाभाईंनी वायरचं टोक उचलून दाखवलं.
कशालाच जोडलेलं नव्हतं.

"शिट्टी आहे," हे म्हणाले. "बारीक.
विमान गेटवर उभं असतं ना,
शेपटीतलं छोटं इंजिन चालू असतं,
तशी."

मी घालून बघितला.
मला फक्त माझा आवंढा ऐकू आला,
आणि नंतर काहीच नाही,
काचेच्या बरणीत ठेवल्यासारखं.

तेव्हा मला डिसेंबरातला पंखा आठवला.
कालिन्याच्या त्या दीड खोलीत
थंडीनं आम्ही दोघी कुडकुडायचो,
आणि ह्यांना पंखा हवा, तीनवर, कुरकुरणारा.
वीस वर्षं मी कानीकपाळी ओरडले, बंद करा मेला तो.
रेडिओसुद्धा स्टेशन संपल्यावर
नुसता खरखरत ठेवायचे उशाशी.
मी त्याला विसरभोळेपणा म्हणत आले.

"कधीपासून?" मी विचारलं.
ह्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं
आणि चहात बिस्कीट बुडवलं.

मुर्तुझाभाईंनी न बोलता महागडी डबी मिटली.
एक साधी जोडी काढली, रबर मोठं सोडून मधलं लावलं.
"हा जरा गळतो," म्हणाले. "गळू दे.
पूर्ण बंद तुमच्या कामाचं नाही."
बिलावर नाव घातलं, दिगंबर तोडणकर,
आणि मी भाव केला नाही,
जे माझ्या हातून आजवर घडलं नव्हतं.

रात्री पंखा मीच लावला. तीनवर.
गोधडी गळ्यापर्यंत घेतली.
"तुला थंडी नाही वाजत?" हे अंधारात म्हणाले.

नाही, मी म्हटलं.
मग लक्षात आलं, दिवा घालवलाय,
ह्यांना दिसायचं नाही.