हनुवटी

पर्सच्या आतल्या कप्प्यात एक चिमटा असतो,
बसच्या जुन्या तिकिटांत गुंडाळलेला.
एनएमएमटीच्या खिडकीतल्या उन्हात सगळ्यात खरं दिसतं.
कोपरखैरण्याहून महापे येईपर्यंत
मी बोटानं चाचपत राहते
एक, दोन, तो जाड तिसरा,
आणि शेजारचीला वाटतं
बाई कसल्याशा मोठ्या विचारात आहे.

आठवीत पोरं मला हवालदार म्हणायची.
कडक सलाम ठोकायची.
एकदा मीही उलटा ठोकला, हसले,
आणि घरी येऊन बाबांच्या ब्लेडनं
वरचा ओठ कापून घेतला.
आईनं रक्त पुसलं, हळद दाबली,
काहीच विचारलं नाही.
पदराचं टोक दातांत धरून
भाकरी थापत राहिली.

त्याला तेवीस वर्षं झाली.
गोळ्या झाल्या, जाड झाले, गोळ्या सोडल्या.
वाशीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हार्मोन्स हो,
लिफ्ट बंद आहे सांगावं तशा सुरात.
लेसरचे सहा हप्ते भरले,
सातव्याच्या आधी भावाची फी आली.
बघायला आलेला एक जण
तासभर माझ्या हनुवटीशीच बोलत होता.
सेक्टर सातमधली पुष्पलता दोरा दातांत धरते,
म्हणते, ताई, जीभ आतून दाबा,
आणि मी दाबते, दर दुसऱ्या गुरुवारी,
जे काय बोलायचं असेल त्याच्यासकट.

आई कायम तशीच, पदर दातांत.
दाणाबाजारात सांडलेला गहू झाडताना,
मुकादमाशी पगारावरून भांडताना,
हळदीकुंकवाला, फोटोत, भावाच्या लग्नात.
मला वाटायचं जावळीकडची रीत असेल,
थोरामोठ्यांची लाज.

मग नेरूळच्या हॉस्पिटलात
अर्धं अंग लुळं, अर्धं तोंड वाकडं.
हिरव्या गाऊनला पदर नसतो.
अकरा दिवस ती गळा वर ओढत होती,
सिस्टर म्हणाली, आजींना थंडी वाजते,
अजून एक ब्लँकेट आणलं.
रविवारी मी खिडकीचा पडदा सरकवला
आणि दिसलं.
पांढरे, काळे, वळलेले,
उजवीकडे दाट,
खळीच्या खाली छोटासा भोवरा.
माझ्यासारखाच. अगदी तिथंच.

मी खाटेभोवतीचा पडदा ओढला, पर्स उघडली.
चिमटा पाहून तिचे डोळे जे झाले
ते मला अजून सांगता येत नाही.
तिच्या सुपारीच्या डबीत, नंतर सापडला,
तसाच एक होता, टोकाला गंजलेला.
दीड खोलीचं घर, मोरीवरचा एकच आरसा,
त्याच्यापुढं पाळीपाळीनं कडी लावून
आम्ही दोघी एकमेकींपासून लपलो.

तिनं चांगला हात वर केला.
माझ्या हनुवटीवरून फिरवला, उलटा, खालून वर.
आठवडाभर मलाही वेळ झाला नव्हता.
खरखर लागली असणार.
अर्ध्या तोंडानं म्हणाली,
माझ्यावर गेलीस.

नाक बाबांचं, रंग बाबांचा,
चाल आणि राग तर हमखास आत्याचा,
हे सगळं सांगणारे पुष्कळ.
हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिचे काढायला घेतले, एकेक.
मध्येच तिला झोप लागली.
उरलेले राहिले.

चिमटा अजून पर्समध्येच आहे, खोटं कशाला बोलू.
कुणाचं लग्न असलं की पुष्पलताकडं जातेही.
पण बसमध्ये बोट त्या तिसऱ्यावर येतं
आणि कधीकधी नुसतं थांबतं तिथंच
महापे येऊन जाईपर्यंत.

दुपारी गॅलरीत ऊन येतं.
आई गाऊनमध्येच बसते, मान वर करून.
समोरच्या बिल्डिंगीतली सून
कपडे वाळत घालता घालता बघते,
आई तिला हात करते, चांगला.
चहा टाकू का, मी आतून विचारते.
ती हनुवटीनंच हो म्हणते.