आखूड काडतूस

वडील खडकीच्या कारखान्यात सदतीस वर्षं.
भोंगा झाला की आमची गल्ली घड्याळं लावायची.
आणि घरी आल्यावरही पुन्हा तेच :
मोरीशेजारची खोली, लाकडी पाट, पितळी तराजू,
खिळ्याला टांगलेली लायसनची झेरॉक्स
आणि रेंजवरून वेचून आणलेली रिकामी काडतुसं,
लाल, हिरवी, दोन-चार उन्हानं विटलेली.

"दर बारानंतर ओठ फाटतो याचा," ते म्हणायचे,
"फाटलं तेवढं कापायचं.
उरलं त्यात भागवायचं."
कापलेल्या कड्या मी बोटांत घालून मिरवायचे.

दारूच्या डब्याजवळ फिरकायचं नाही.
मला त्यांनी वेगळं दिलं होतं, हिरवं, आखूड,
सोबत वाटीभर मोहरी.
मी भरायचे, तोंड दुमडायचे,
सहा पाकळ्या, एकीवर एक.
ते चष्मा कपाळावर चढवून तपासायचे
आणि म्हणायचे, "नापास."
आई दारातून : नाताळच्या करंजीला कधी हात लागला नाही,
इथं बरी मुरड जमते नथानिएलला!

मग झटका आला. डावी बाजू गेली
आणि वाक्यं आखूड होत गेली.
आधी क्रियापदं गळाली, मग माणसांची नावं,
होलकर पुलाचं नाव, आईचं.
शेवटी नुसतं "पोरी".
पुढे पुढे "पो".
त्यातही भागवायचे ते.
एका "पो"त पाणी मागायचे, खिडकी लावायला सांगायचे,
रागवायचे.

पोलीस चौकीत हवालदार टिळेकरांनी वही उघडली.
बंदूक एक, बारा बोअर.
रिकामी काडतुसं दोनशे अकरा, मोजून.
"भरलेली?"
"नाहीत," म्हटलं मी.
तेवढ्यात डब्याच्या तळातून ते हिरवं निघालं.
हलवलं तर वाजलं.

सगळे दोन पावलं मागे सरले.
मग कुणीतरी जाणत्याला बोलावलं.
त्यानं पाकळ्या एकेक करून उलगडल्या
(नीट दुमडलेल्या होत्या, माझ्या नव्हेत)
आणि वहीवर मोहरी सांडली,
थोडी घरंगळत शिवणीत जाऊन बसली.

"आता रकान्यात काय लिहू?"
त्यांनी खरंच विचारलं, पेन उघडं धरून.
लिहा, म्हटलं. भरलेलं, एक.
"तसं चालत नाही, ताई," म्हणाले,
आणि उठून पंखा बंद केला,
दाणे उडू नयेत म्हणून.