क्लच धरतो ती जागा

गाडी आली तेव्हा तिच्या मागच्या काचेवर
कुठल्याशा जर्मन बेकरीचं स्टिकर होतं
आणि आईला एकेचाळिसावं लागलं होतं.

तोवर आमच्या बेरातमध्ये
स्वतःची गाडी असणं हा गुन्हाच होता.
गाड्या सरकारच्या. आमचे फक्त पाय.
मग सरकार पडलं, पाठोपाठ गिरणी बंद पडली,
बाबा डोंगर ओलांडून ग्रीसला गेले, तेही पायीच,
आणि इटलीत टोमॅटो तोडणाऱ्या मामानं
दुर्रसच्या बोटीवर ही ओपेल चढवून दिली:
पिवळी, दाराशी गंजलेली,
माझ्याहून सात वर्षांनी थोरली.

शिकवायला सादिककाका.
सैन्यात ट्रक चालवलेला, म्हणून गल्लीतला विद्वान.
रविवारी सकाळी गिरणीच्या ओसाड पटांगणात
तो शेजारी बसून ओरडायचा:
क्लच! सोड क्लच! हळू!
हळू म्हणजे हळू गं, नझ्मिये!
गाडी करडासारखी तीन उड्या मारायची
आणि मान टाकायची.
मागच्या सीटवर मी,
आजोळी द्यायचं कलिंगड मांडीत घट्ट धरून.

वळायचं ते काँक्रीटच्या बंकरला वळसा घालून.
कधीच न आलेल्या शत्रूसाठी बांधलेला तो;
इतक्या वर्षांनी त्याच्यावर चाल करून गेली
ती माझी आई.
डावा दिवा तिथंच फुटला.
काका उतरला, काचा बुटानं बाजूला सारल्या,
सिगारेट पेटवली, म्हणाला,
बायकांच्या पायांना हे कळायचं नाही.

आई काही बोलली नाही.
हात लांब करून तिनं त्याच्या बाजूचं दार ओढून घेतलं,
काच वर केली.
मला म्हणाली, तूसुद्धा बोलू नकोस.

एकोणीस वर्षं ती मागावर उभी होती.
शेडमधल्या त्या गदारोळात
एक दोरा तुटला तर आधी तिच्या कानाला कळायचं,
डोळ्यांना मागाहून.
ती इंजिन ऐकत बसली. डोळे मिटून.
मग डावा पाय वर येऊ दिला,
झोपलेल्या मुलाच्या मानेखालून हात काढून घ्यावा
तसा.
एका जागी आवाज किंचित खाली बसला,
बॉनेटनं जरासं नाक उचललं.
‘इथं,’ ती म्हणाली. ‘इथं धरतो बघ.’

बाहेर काका काचेवर टकटक करत होता.

त्यानंतर तिनं आकडे विचारले नाहीत कुणाला.
पहिला कण्हायला लागला की दुसरा,
दुसऱ्याचा सूर चिरकला की तिसरा.
रिव्हर्स मात्र शेवटपर्यंत दातओठ खात पडायचा,
आणि ती दर वेळी त्याची माफी मागायची.

सप्टेंबरात किल्ल्याच्या चढाला लागलो.
शेकडो वर्षांच्या टाचांनी गुळगुळीत केलेले दगड,
खाली ओसुम नदी, बशीतल्या चहाएवढी.
अर्ध्या चढावर समोर एक म्हातारी आली,
हातात कोंबडी, वाट सोडायच्या मुळीच विचारात नसलेली.
आई थांबली. हँडब्रेक ओढला.
म्हातारी गेली. कोंबडीही गेली.
मी कलिंगड नसलेली मांडी घट्ट आवळली.

आईनं पाय उचलत उचलत ती जागा गाठली,
हँडब्रेक खाली सोडला,
आणि गाडी
पुढे गेली नाही, मागे घसरली नाही.
तेवढा सगळा लोखंडी बोजा
तिच्या डाव्या तळव्यावर उभा राहिला.

मी म्हटलं, आई, चल ना.
ती म्हणाली, थांब गं जरा.

क्लच जळल्याचा वास यायला लागला होता.
मागे मिरच्यांची पोती लादलेलं गाढव
आणि त्याचा मालक, शिव्यांची एकेक पायरी चढत.
आईनं त्या दिवशी पहिल्यांदाच आरशात पाहिलं.
केसांची बट नीट केली. म्हणाली,
‘त्याला सांग, घाई असेल तर बाजूनं जा म्हणावं.
गाढवापुरता रस्ता आहे.’