जागल

पौषात तुरीला शेंगा भरल्या की
बाबा रात्री मचाणावर असायचे.
घोंगडी, टॉर्च, टिनाचा डबा, गोफण,
आणि आमचा खंड्या, बहुतेक झोपलेला.

मी दहा वर्षांची. त्याच थंडीत
मला तहान लागली.
माठ कलंडून तळातलं पाणीही प्यावं, अशी.
न्हाणीत मुंग्यांची रांग लागली.
आई म्हणाली, "कोनं गूळ सांडला वं अठी?"
फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला.
मग श्वास चढला, तोंडाला पिकल्या फळाचा वास,
आणि बावीस किलोमीटर
सुखदेव मामाच्या छोटा हत्तीत, कापसाच्या गाठोड्यावर.

डोळे उघडले तिसऱ्या दिवशी.
नगराळे मॅडम केसपेपरच्या मागे चित्र काढत होत्या:
पोटामागे एक ग्रंथी, तिच्यात बेटांसारखे पुंजके.
"रक्तात राखणदार असतात.
हिच्या राखणदारांनी घरच्याच पेशींना
चोर समजून मारलं."

"म्या लाडू जास्त देल्ले काय?"
"नाही."
"नजर?"
"नाही."
"मंग कशानं?"
मॅडमनी पेनाला टोपण लावलं.
"ते अजून नीट कुणालाच ठाऊक नाही."

बाबा इतका वेळ भिंतीकडे बघत होते.
म्हणाले, "आमच्या गोऱ्ह्यावानी झालं मंग."

आदल्या साली अंधारात तूर हलली होती.
शेजारच्या धुऱ्यावरून कुणी ओरडलं: डुक्कर!
एका हाकेवर दुसरी, दुसरीवर सात,
चहूकडून टॉर्च, काठ्या, डबे,
ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं त्यांचेही दगड.
तूर आडवी झाली ती वेगळीच.
उजाडलं तेव्हा आमचाच गोऱ्हा,
दावं तोडून आलेला,
गळ्यात मी बांधलेली घुंगरमाळ.
जिवंत होता. दुपारपर्यंत.

"सूज म्हणजे हेच," मॅडम हळू म्हणाल्या.
"हाकेला हाक. फक्त ही एका रात्रीची गोष्ट नाही,
वर्षानुवर्षं चाललं असेल, चुपचाप.
तहान लागली तोवर
शेत जवळपास रिकामं होतं."

आता मी एकोणीसची.
मे महिन्यात लाइन गेली की
माझं इन्सुलिन ओल्या वाळूतल्या गाडग्यात असतं,
हिरव्या झाकणाच्या डब्यात.
भाकरी मोजते, हुरडा मोजते,
लग्नातल्या पंगतीत आधी सुई, मग वरण.
बाया बघतात. बघू देते.

रक्तातल्या त्या पोरांचा
मला राग येत नाही फारसा.
थंडी, अंधार,
आणि कुणीतरी आधी ओरडलेलं.

बाबा अजून जागलीला जातात.
तूर हलली की गोफण फिरवण्याआधी
तीनदा विचारतात, "कोन हाय बे?"
तेवढ्यात डुकरं दोन तासं खाऊन जातात.
आई चिडते.
बाबा म्हणतात, खाऊ दे.